तिच्या पोटातला फुगा

पोटात फुगा बसवायचा होता तो मला. धाकटी बहीण नुसती सोबतीला आली होती, हे मी आजही ठासून सांगते.

आम्ही दोघी एकाच घेराच्या. मी कोल्हापुरात दिलेली, ती जयसिंगपूरला. पण शिंप्याकडे दोघींच्या झंपरांचं माप एकच, माझं. लग्नकार्यात तिचे झंपर मी घालायची, माझे ती. दोन हजार सालानंतर कधीतरी कळलं, की आपल्याकडे एक डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून पोटात फुगा ठेवतात आणि त्यात पाणी भरतात. भूक कमी लागते, सहा महिन्यांनी फुगा काढायचा. फाडाफाडी नाही. मी नवऱ्याच्या मागे लागून त्याला कसंबसं तयार केलं. घशात घालायच्या त्या नळीची धास्ती होती म्हणून हिला बोलावून घेतलं.

आधी दुर्बिणीतून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या जठराचा वरचा भाग छातीत सरकलाय. तुम्हाला फुगा चालणार नाही." आणि शेजारी बसलेल्या हिच्याकडे बघितलं. पंधरा दिवसांत फुगा हिच्या पोटात!

पहिले चार दिवस ती माझ्याच घरी ओकत पडली होती. मी पाठ चोळली, नारळपाणी पाजलं आणि मनात म्हटलं, भोग आता. पुढं मात्र ती उतरत गेली. गळ्याची हाडं दिसायला लागली. कधीही आली की चार घास खाऊन ताट सारायची, "बास की अक्का, पोट भरलं." ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मुद्दाम तिच्या आवडीच्या पुरणपोळ्या करायची, वर तुपाची धार. ती अर्धी खायची. उरलेल्या मी.

एका लग्नात कुणा बाईनं तिला विचारलं, "ह्या तुमच्या आई काय वो?" ती खळखळून हसली. मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

फुग्यातलं पाणी निळं होतं. लघवी निळी झाली तर फुगा फुटला समजा आणि तडक या, तो आतड्यात अडकला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाचव्या महिन्यात एका सकाळी तिचा फोन आला.

"अक्का, निळी झालीया."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? आधी आनंद झाला, मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि मी तिला तडक दवाखान्यात यायला सांगितलं. पिशवीत टॉवेल घेतला, चादर घेतली आणि तिला बदलायला आमच्या जुन्या मापाचा एक झंपर घेतला. आता हाच लागणार की हिला, असं वाटलं.

फुगा वेळेत निघाला. नंतर ती अंगावरच ओकली, तेव्हा मी तो झंपर पुढं केला. तिच्या अंगावर तो पोत्यासारखा लोंबत होता. मी दोन्ही बाजूंनी पिना लावायला लागले.

"तुझाच आणलास व्हय? बरं केलंस," ती म्हणाली. "घरात कुणाला सांगितलं न्हाय मी, एसटीनं एकटीच आलो. तुला बघितलं आन् भ्या गेलं."

मी पुढची पिन घाईघाईनं खुपसली.

"हळू की, टोचंल," ती म्हणाली.

तो झंपर तिनं धुऊन, इस्त्री करून परत पाठवला. तिचं वजन पुन्हा कधी वाढलं नाही. मी बरीच वर्षं वाट बघितली.