टाळ्या मिळालेली चिठ्ठी
फळ्यावरच्या मार्करचा वास आला की लातूरमधल्या एका क्लासचा हॉल आठवतो. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा देणाऱ्यांसाठी तिथे मानसशास्त्राचं व्याख्यान होतं आणि मी बातमीसाठी गेलो होतो. एसीमुळे खिडक्या बंद होत्या, मध्येच कुणी उठू नये म्हणून दाराला आतून कडी होती. व्याख्यात्यांनी माणसाच्या गरजांचा त्रिकोण काढला: तळाशी अन्न आणि झोप, त्यावर सुरक्षितता, प्रेम, मान आणि शेंड्यावर स्वतःला हवं ते होणं. मग प्रत्येकाने आपण कशासाठी शिकतो ते नाव न घालता चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी एक चिठ्ठी मोठ्याने वाचली. “आई देगलूरचं घर बंद करून माझ्या डब्यासाठी इथं खोली करून राहिली. मी सोडलं तर तिनं गावात काय सांगायचं?” ते खूश झाले. “याला म्हणतात प्रेरणा! कुणाची आहे? उभं राहा.” माझ्या शेजारची मुलगी उभी राहिली. टाळ्या बराच वेळ चालल्या. बसताना ती मला हळूच म्हणाली, “सर, सोडायचंय म्हणूनच लिहिलं होतं मी.” दार उघडलं तेव्हा तिची आई डबा घेऊन बाहेर उभी होती. व्याख्यात्यांनी चिठ्ठी तिलाही वाचून दाखवली. तिने ती घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली. “लई गुणाची हाय पोर. नंबर लागस्तोवर मी काय खोली सोडत न्हाई बघा.” मुलीने डबा घेतला. बातमीत मी टाळ्या लिहिल्या, आईचं वाक्यही लिहिलं. मुलीचं वाक्य अजून माझ्या वहीतच आहे.