पहाऱ्यावरच्या शेळ्या

आमच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांइतका खरं बोलण्याचा रोग जडलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यावर त्यांच्याकडेही औषध नव्हतं. तसे ते माणसांचे डॉक्टर नव्हतेच. मूळचे कऱ्हाडकडचे, पण गुरांच्या आणि पाखरांच्या विषाणूंमागे अर्धी आफ्रिका पालथी घालून शेवटी अरबी मुलखातल्या जिझानला येऊन टेकलेले. समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मेंढ्यांची जहाजं आमच्या बंदरात लागतात. तेव्हा रोगाला यायचंच असेल तर तो याच वाटेने येणार, आणि तो आला की आपण दारात हजर असावं, असं त्यांचं म्हणणं. मी इथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स, आमचे हे रिफायनरीत. तीन वर्षं डॉक्टर दर शुक्रवारी आमच्याकडे जेवले आणि तीन वर्षांत त्यांनी माझ्या आमटीचं एकदाही उगाच कौतुक केलं नाही. "आज मीठ जास्त झालंय ओ सिस्टर," असं सांगायचे आणि दुसरी वाटी मागून घ्यायचे.

त्यांची कालगणनाच वेगळी होती. मुलीचं लग्न कोणत्या वर्षी झालं असं विचारलं, तर "केनियात शेळ्यांची ती मोठी साथ आली ना, त्याच्या पुढच्या वर्षी," असं उत्तर यायचं. उजव्या हाताचं एक बोट उंटाने चावून कायमचं वाकडं केलेलं, पण त्या उंटाला कोणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसे. चूक माझी होती, मी समोरून गेलो, असं ते दर वेळी बजावून सांगत. गाडीच्या डिकीत हातमोजे आणि जाड पिशव्या कायम तयार. रस्त्याच्या कडेला मेलेलं पाखरू दिसलं की गाडी थांबलीच म्हणून समजा. एकदा आम्ही त्यांच्याच गाडीतून मराठी मंडळींच्या गणपतीला निघालो होतो. वाटेत मेलेला बगळा दिसला. डॉक्टरांनी तो रीतसर दोन पिशव्यांत बांधला, आधी प्रयोगशाळेत पोचवला, आणि आम्ही पोचेपर्यंत आरती होऊन गेली. उशीर का झाला असं यजमानीणबाईंनी विचारलं, तेव्हा दुसऱ्या कोणीही ट्रॅफिकचं नाव सांगून वेळ मारून नेली असती. डॉक्टरांनी बगळ्याच्या नाकातून काय गळत होतं इथपासून सुरुवात केली. मी पैठणी सावरत उभी, आणि आजूबाजूची माणसं हातातल्या मोदकांसकट हळूहळू लांब सरकलेली.

पण त्यांचा जीव खरा अडकला होता तो बारा शेळ्यांत. शहराबाहेर एक वादी, म्हणजे कोरड्या नदीचं खोरं आहे. पाऊस झाला की तिथल्या खळग्यांत पाणी साचतं आणि डास माजतात. त्या डासांतून शेळ्यामेंढ्यांना आणि त्यांच्यातून माणसांना होणारा एक ताप आहे, त्याच्यावर डॉक्टरांचा डोळा होता. वादीतल्या बाकी सगळ्या जनावरांना सरकारी लस मिळायची. या बारा जणींना ती मुद्दाम द्यायची नाही, असा नियम, कारण लसीनेही रक्तात रोगासारखीच खूण उमटते. दर दुसऱ्या शनिवारी त्यांचं रक्त तपासायचं. त्यात तापाची खूण दिसली, की रोग वादीत शिरला हे माणसं आजारी पडायच्या आत कळणार. "या माझ्या पहारेकरणी," ते म्हणायचे. मला शनिवारी सुट्टी असते हे कळल्यावर त्यांनी मलाही कामाला जुंपलं. माणसांची शीर सापडते तर शेळीची का नाही सापडणार, असा त्यांचा सवाल होता, आणि खरं सांगते, शेळीची लवकर सापडते.

या शेळ्या सांभाळायला एक म्हातारा सुदानी गुराखी होता. सगळे त्याला हाज म्हणत. शेळ्यांना नुसते नंबर द्यायचे, नावं ठेवायची नाहीत, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. नाव ठेवलं की सुई टोचताना हात अडखळतो, असा त्यांचा अनुभव. हाजने अकरा जणींच्या बाबतीत ती पाळली. सात नंबरला मात्र तो बिंती म्हणायचा. बिंती म्हणजे माझी लेक. खरी लेक लढाईच्या धामधुमीत कुठे गेली ते त्याला ठाऊक नव्हतं. दर खेपेला तो डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा, सगळ्यांना लस, मग हिलाच का नाही? डॉक्टर आपल्या मोडक्या अरबीत सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचे. ही उघड्यावर आहे म्हणून बाकीचे सुखरूप आहेत. हाज मान डोलवायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच विचारायचा.

गेल्या वर्षी बकरी ईदला तीन आठवडे राहिले असताना सात नंबरच्या रक्तात खूण आली. बाकी अकरा जणी स्वच्छ. हा रोग असेल तर वादीतलं एकही जनावर बाहेर जाऊ शकणार नव्हतं, आणि तिथल्या माणसांनी वर्षभर जनावरं वाढवली होती ती या ईदसाठी. त्या शुक्रवारी डॉक्टर जेवायला आले, पण पानातलं काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडतानाच आम्ही वादीत पोचलो. त्या दिवशी हाजने चहा केला नव्हता. डॉक्टरांनी काही विचारायच्या आतच तो बोलला.

"वीस दिवसांपूर्वी लसवाले आले होते. मी तिच्या कानावरच्या नंबराला फडकं बांधलं आणि दुसऱ्यांच्या शेळ्यांत उभी केली."

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हाला अकरा पुरतील, डॉक्टर. मला ही एकच आहे."

डॉक्टरांनी बाराही जणींचं रक्त पुन्हा घेतलं. परत येताना मीच न राहवून म्हटलं, की हे लिहू नका. सरकारी शेळीत ढवळाढवळ केली म्हणून हाजची नोकरी जाणार, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना जाणार, आणि जिथे परत पाठवतील तिथे त्याचं घर उरलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, लस दिली गेली हे लिहावंच लागेल, नाहीतर अख्खी वादी अडकेल. मग कोणी दिली, असं मी विचारलं.

दोन दिवसांनी दुसऱ्या तपासण्या आल्या. विषाणू कुठेच नव्हता, खूण लसीचीच होती. संध्याकाळी डॉक्टर रिपोर्ट घेऊन वर आले आणि कागद माझ्या हातात दिला.

"काही चूक आहे का बघा."

मी वाचलं. सात नंबरला लस त्यांच्या स्वतःच्या नजरचुकीने दिली गेली, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही.

"एक आहे," मी म्हटलं.

"ती राहू द्या."

वादीतली जनावरं ईदला वेळेवर बाहेर पडली. डॉक्टरांचं कॉन्ट्रॅक्ट मात्र पुढे वाढलं नाही. इतका जुना माणूस अशी चूक कशी करतो, याचं वरच्यांना नवल वाटलं, आणि ते बरोबरच होतं. लस झालेली शेळी पहाऱ्याच्या उपयोगाची नाही म्हणून सात नंबरचं नाव कळपातून कमी झालं, आणि शेवटच्या शनिवारी डॉक्टरांनी तिच्या कानातला बिल्ला स्वतः कापून काढला. हाज तिला घेऊन निघाला तेव्हा डॉक्टर दुसरीकडे तोंड करून सुया मोजत बसले होते.

जायच्या दिवशी ते आमच्याकडे जेवले. आमटी फार छान झाली आहे, असं दोनदा म्हणाले. ते गेल्यावर मी चाखली, तर मीठ घालायचंच राहून गेलं होतं. त्यांचा रोग बरा झाला होता, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

आता कऱ्हाडहून अधूनमधून त्यांचे मेसेज येतात, पावसाचे आणि तिथल्या म्हशींचे. मागच्या महिन्यात आला तो एवढाच होता: "बिंती व्याली का?" हे नाव त्यांच्याकडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी वादीत जाऊन आले आणि कळवलं, की दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, लेकीच, हाज मजेत आहे. लगेच उत्तर आलं, "आईच्या लसीचं बळ त्यांना थोडेच महिने पुरतं. त्यांची लस चुकवू नका, सिस्टर. हाजला माझं नाव सांगून आठवण करा."

मी सांगितलं. तो म्हणाला, "तारीख मला पाठ आहे."