माकडाशी बोलणारी सुमाताई

सुमाताई गेल्याची तार आली तेव्हा मी पावसाळ्याआधी भरायच्या आगोटीच्या सामानाची यादी करत होते. यादी पुरी केली, मुंबईला जायची पिशवी भरली आणि मगच रडले. माझ्या या थोरल्या बहिणीला हा क्रम पटला असता...

ती मुंबईत एका प्रयोगशाळेत माकडांच्या डोळ्यांची हालचाल मोजायची. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्या चौल गावात हे सांगायचं म्हणजे पंचाईत. माकडांना चष्मे लावते काय, असं लोक विचारायचे. ती न चिडता समजावायची. तोल कानाच्या आत असतो. माकडाला खुर्चीत बसवून अंधारात फिरवलं की कानाकडून डोळ्यांना निरोप जातो. डोळे हळूच एका बाजूला सरकतात, झटकन परत येतात आणि यंत्राची लेखणी कागदावर करवतीसारखे दात काढते.

एका मे महिन्यात मात्र ती पडलेल्या चेहऱ्यानं घरी आली. सुरुवातीला दोन-चार दात, मग सपाट रेघ. माकडाच्या डोळ्यांपाशी लावायच्या तारा बदलल्या, त्या चिकटवायचा लेप बदलला... प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं होतं, जूनपर्यंत जमलं नाही तर प्रयोग बंद. ओटीवर पाळण्यात माझी धाकटी लेक निजली होती आणि ताई हे सगळं मासळी घेऊन आलेल्या येसूबाईला सांगत होती. फिरवताना तुम्ही काय करता, असं येसूबाईनं विचारलं. ताई म्हणाली, सरांचा नियम आहे, कुणी ब्र काढायचा नाही.

येसूबाई टोपली उचलत म्हणाली, "मंग माकड निजतंय गो बाय. अंधार केला, झुलवला, वर गप बसलाव. माझी पोरं पन निजली असती."

ताई हसली आणि हसता हसता थांबली. दुसऱ्या सकाळच्या लाँचनं परतली. सरांच्या देखत नियम मोडून, काळ्या पडद्याबाहेर बसून ती माकडाशी बोलत राहिली. दुसरं काही सुचेना, म्हणून बोंबील कसे वाळवतात ते सांगितलं. पुढच्या पत्रात कागदाची पट्टी आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत दातच दात. येसूबाईनं ती उलटी धरून पाहिली आणि म्हणाली, "माकड जागा हाय."

परवा ताईचं सामान आणायला प्रयोगशाळेत गेले. काळ्या पडद्याशी बसलेली तिची विद्यार्थिनी मावशीच्या लग्नातलं भांडण रंगवून सांगत होती. मला पाहून थांबली नाही, हातानं स्टूल दाखवलं. थोड्या वेळानं घसा बसला तशी पाण्याला उठली आणि खुणेनंच म्हणाली, आता तुम्ही.

मी पिशवी खाली ठेवली आणि माकडाला ताईबद्दल सांगायला लागले. लेखणी दात काढत राहिली.