मांडवाबाहेर सखी

"देवानं मला माफ केलं, मंग माझी पोरगी का न्हाय करत?" २०२२ साली सखीने मला हा प्रश्न विचारला.

सखी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात एका गोदामात पॅकिंगचे काम करते. तिच्या वारली पाड्यात मात्र ती वीस वर्षे धवलेरी म्हणून ओळखली जाई. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी सवाशीण. भिंतीवर काढलेल्या देवीच्या चौकासमोर तिने गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. ही गाणी कुठे लिहिलेली नसतात. सखीने ती सासूशेजारी बसून उचलली होती.

२०१६ साली तिचा मुलगा कल्पेश मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. अकरा वर्षांचा होता. भगत झाला, दवाखाने झाले. समाचाराला आलेले लोक "त्याचं आयुष्यच तेवढं" म्हणून उठून गेले. गोदामात शेजारी बसणारी आनंदीबाई, जालन्याकडची ख्रिस्ती बाई, तसे काही बोलली नाही. जेवणाच्या सुट्टीत ती रोज सखीजवळ बसे. एकदा एवढेच म्हणाली, "आमच्या देवानंपण आपला मुलगा मरताना बघितलाय, सखे."

दुःख का आले, याचा उलगडा या वाक्यात नाही. पण आपले दुःख ज्याला समजावून सांगावे लागत नाही असा देव असू शकतो, ही कल्पना सखीला नवी होती. तिच्या श्रद्धेच्या मुळाशी चमत्कार शोधण्यात अर्थ नाही. मुलगा वाचलाच नव्हता. तिला सोबत मिळाली आणि त्या सोबतीतून सकाळी उठण्याचे बळ आले. पुढच्या वर्षापासून ती रविवारच्या प्रार्थनेला जाऊ लागली. देवीची गाणी तिने आपणहून सोडली; सोड, असे तिला कोणीही सांगितले नव्हते.

मे २०१९मध्ये तिची मुलगी पूर्वा हिचे लग्न झाले. शेजारच्या पाड्यातून दुसरी धवलेरी आली होती, त्यामुळे सखीने केवळ आई म्हणून मांडवात बसायचे होते. गाणे सुरू झाले आणि ती उठली. पाड्यालगतच्या एका गोदामाच्या कुंपणाशी जाऊन बसली.

तिचा नवरा धाकल्या मागोमाग आला. "तुला गा म्हनलंय कोनी? नुस्ती बस चल!"

"बसले तर तोंडात येतील. वीस वर्षांची सवय हाय."

"मंग तोंडात पदर कोंब! पोर वाट बघते."

ती हलली नाही. पूर्वाच्या डोक्यावर आशीर्वादाचा पहिला हात आईने ठेवायचा. तो चुलतीने ठेवला. सासरी निघताना पूर्वा कुंपणापर्यंत आली. "आये, तुझा देव येवढा लहान हाय का? माझ्या लग्नाची चार गानी त्याला सोसत न्हाईत?"

दोन दिवसांनी ड्युटीवर हे कळल्यावर आनंदीबाई चिडली. "गाणी म्हणू नकोस, तुझी मर्जी. पण लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला ख्रिस्त आडवा आला होता व्हय?"

सखी आपल्या जिभेला भ्याली होती, आणि त्या भीतीलाच ती श्रद्धा समजून बसली होती. हे उमजले तेव्हा मांडव उतरला होता. तो दिवस परत मिळणार नाही, हे ती कोणाच्याही आधी स्वतःच सांगते.

त्यानंतर दर महिन्याला ती कशेळीला, पूर्वाच्या सासरी जाऊ लागली. विहीण ओट्यावर पाणी आणून देई; पूर्वा आतून बाहेर येत नसे. पाड्यातल्या बायका हसत, "पानी प्यायला कशेळीला जाते!" सखी त्यांना म्हणे, "कल्पेशकडं जाता येत न्हाय. हिच्याकडं रिक्षा जाते."

एप्रिल २०२४मध्ये पूर्वा बाळंतपणासाठी स्वतःहून माहेरी आली आणि सव्वा महिना आईजवळ राहिली. सखीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.