नवेगावातला हिमालय

हवालदार मेश्राम यांच्या घरून निघताना पाहुण्याला खिसे उलटे करून दाखवावे लागत. आधी चहा व्हायचा, चिवडा व्हायचा, गावाकडच्या चार गोष्टी व्हायच्या. निघायला उठलं की हवालदार दारात आडवे उभे राहायचे आणि शांतपणे म्हणायचे, "खिसा दाखवा." बाईमाणूस असेल तर पिशवी. पावसाळ्यात छत्री उघडून झटकायची. त्यांच्या सख्ख्या जावयालाही पहिल्याच भेटीत रुमाल झटकावा लागला, आणि तो बिचारा पुढे कितीतरी दिवस सासरकडे फिरकला नाही. "एक पान नेलं का त्याचं झाड होते," हवालदार सांगायचे. "चोरी कराले ट्रक नाही लागत बाबू, शर्टाचा खिसा पुरते."

खरं सांगायचं तर मला हा माणूस त्यामुळेच आवडला. माझी सारी नोकरी गोंदिया स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेली. 'पुस्तके' असं लिहिलेल्या खोक्यातून तूप गळताना पाहिलं की माणसाचा माणसावरचा विश्वास आपोआप बेताचा राहतो. नव्वदचं दशक संपता संपता आम्ही काही हौशी मंडळींनी गोंदियात दर जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली आणि सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. मंडळींना वाटलं, याला फुलांची आवड आहे. मला आवड होती लबाडी पकडण्याची. गुलाबाच्या पाकळीला लावलेला डिंक, झेंडूच्या देठात खुपसलेली तार, पानांवर चोळलेलं खोबरेल तेल, आदल्या दिवशी नर्सरीतून उचललेली आणि 'घरची' म्हणून मांडलेली कुंडी, काय काय नाही पाहिलं. मी सरळ मातीत बोट घालायचो. कालची माती बोटाला लगेच कळते.

पहिल्याच वर्षी नवेगाव बांधहून हा उंच, वाळकुडा माणूस एसटीने आला. मांडीवर कुंडी आणि तिच्यावर वर्तमानपत्राची टोपी. टोपी काढली तेव्हा हॉलमधली गर्दी त्या टेबलाकडे सरकली. पानं मुळ्याच्या पानासारखी खरबरीत, जमिनीलगत सगळीकडे सारखी पसरलेली, मधून वीतभर दांडा आणि त्याच्या टोकाला जांभळ्या फुलांचा गोल गेंद. कुंडीच्या तोंडाशी बारीक खडी, म्हणजे झाडाचा गळा ओला राहून सडत नाही. मी बोट घातलं. माती घट्ट, जुनी होती. हवालदारांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "काऊन बाबू? काय शोधून राहिले?"

"लबाडी," मी म्हणालो.

"शोधा. मंग बोट धुऊन घ्या, मूळ चिटकलं असन."

झाड हिमालयातलं होतं. हवालदारांची फौजेतली नोकरी वरच्या चौक्यांवर झाली. "बर्फ वितळला का हे फूल सगळ्यांच्या आधी निघते," ते सांगायचे. "तिथं पाहाले दुसरं काहीच नाही. मानसाचं तोंडही दिसत नाही कधी कधी. म्या याच्याकडे पाहून पाहून दिवस काढले." रिटायर होऊन परतताना पायाला लावायच्या पावडरच्या रिकाम्या डबीत त्यांनी त्याचं बी आणलं होतं. आता नवेगाव म्हणजे तलाव, धानाची बांधी आणि मे महिन्यात अंगाची लाही करणारं ऊन. तिथे हे झाड जगवायचं म्हणजे माशाला झाडावर पाळण्यासारखं.

'थंड हवेची झाडे' या गटात आमचा एक नियम होता. झाड मागच्या उन्हाळ्यापासून स्पर्धकाच्याच घरी असलं पाहिजे. हिवाळ्यात काय, आमच्याकडे काहीही फुलतं. खरी परीक्षा मे महिन्याची. हवालदार दरवर्षी पहिले यायचे आणि दरवर्षी दुसऱ्या यायच्या त्या बिसेन मॅडम. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, झाडांसाठी घरात एसी लावलेली वेगळी खोली, बोलणं अर्धं हिंदीत. काही वर्षं त्यांनी सोसलं. मग एकदा त्या पार्सल ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसल्या.

"सचिवजी, एसीत माझी निम्मी झाडं मरतात. हा माणूस नवेगावच्या कौलारू घरात सगळी जगवतो. ये मुमकिन है क्या? डिसेंबरात पहाडातून मागवतो तो. तुमच्याच स्टेशनवर उतरत असतील."

मी नियमावर बोट ठेवणारा माणूस. त्या हिवाळ्यात थंड मुलखातून आलेली एकही टोपली मी वास घेतल्याशिवाय सोडली नाही. हवालदारांच्या नावाने एक आली, तीही उघडायला लावली. आत सफरचंदं निघाली, त्यांच्या जुन्या सोबत्याने पाठवलेली. हवालदारांनी त्यातलं एक मला दिलं आणि उरलेली माझ्यासमोर मोजून घेतली. पण टोपलीत झाड नव्हतं म्हणजे झाड आलंच नाही असं थोडंच होतं? माणूस स्वतः जाऊन आणू शकतो. समितीने ठरवलं, सचिवांनी उन्हाळ्यात घरी जाऊन झाडं पाहावीत. दाखवली नाहीत तर स्पर्धक बाद.

मी ऐन मे महिन्यात नवेगावला गेलो. अंगणात झाड औषधाला नव्हतं. भिंतीशी रिकाम्या कुंड्या पालथ्या घातलेल्या. वाडीच्या कोपऱ्यात एक विहीर, तिच्यावर झाकण म्हणून बांबूचा ताटवा आणि ताटव्याला कुलूप. हवालदारांनी खाट अशी टाकली की माझी पाठ विहिरीकडे व्हावी. हे मी लगेच टिपलं.

"झाडं कुठे आहेत?"

"आहेत. जितीच आहेत."

"दाखवा मग."

"नाही दाखवत." ते खाली बघत राहिले. "तुमी पाहान, त्या मॅडमले सांगान. पुढच्या साली तिच्या घरी तसंच होईन. मंग माह्यापाशी काय राहिलं? बायको गेली, पोरगी तिच्या घरी. एवढी एकच गोष्ट आहे जे कोनाले येत नाही आन मले येते."

"मग तुम्ही बाद व्हाल. आणि लोक म्हणतील, फौजी माणूस, पण झाडं बाहेरून आणून बक्षिसं घेतली."

"चोर म्हन्तीन?"

"म्हणतील."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग म्हणाले, "जूनच्या शेवटापर्यंत टाइम द्या." मी दिला. निघताना त्यांनी माझे खिसे तपासले.

बसची वाट पाहताना फाट्यावर वच्छलाबाई भेटल्या. हवालदारांच्या भावकीतल्या, घर लागूनच. मी विहिरीचा विषय काढला आणि बाईंचा बांध फुटला. ती विहीर हवालदारांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने खणली होती. त्या काळी गावच्या विहिरीवर यांना घागर लावू देत नसत. म्हाताऱ्याने आपल्या वाडीत पाणी काढलं आणि सगळ्यांना सांगितलं, या विहिरीवर कोणीही यावं, कोणाला विचारायचं नाही. "आन त्याचा पोरगा तिले कुलूप लावते," वच्छलाबाई म्हणाल्या. "होळी झाली का कुलूप, पानी पडलं का खोलते. आमच्यासाठी बोअरिंग आहे म्हनून चाललं. काय लपवते अंदर, त्यालेच माहीत." वस्तीत कोणी म्हणे दारू, कोणी म्हणे गुप्तधन. माझा संशय तर आणखीच पक्का झाला. पण लपवायला झाड, आणि तेही विहिरीत, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

जूनमध्ये मी न कळवता गेलो. अचानक गेल्याशिवाय तपासणीला अर्थ नसतो. मृग लागूनही आभाळ कोरडं ठणठणीत होतं. वस्तीतलं बोअरिंग आटलेलं, शेजारच्या एवढ्या मोठ्या तलावाचं पाणी पार आत सरकलेलं आणि उरलेल्यावर हिरवी साय. हवालदारांच्या अंगणात पाण्याचे गुंड, कळशा आणि बादल्या घेतलेल्या बाया दाटीने उभ्या होत्या. विहिरीचा ताटवा उघडा होता.

मी वाकून पाहिलं आणि पाहतच राहिलो. विहिरीच्या आतल्या बाजूने सगळीकडे लोखंडी कड्या ठोकलेल्या, त्यांना शिंकी टांगलेली आणि एकेका शिंक्यात एकेक कुंडी. पाण्यापासून हातभर उंचीवर, गार ओलसर अंधारात, हिरवीगार. हवालदार रोज एकेक कुंडी दोरीने वर ओढायचे, थोडी फिरवायचे, म्हणजे झाड एका अंगाला झुकत नाही, आणि परत खाली सोडायचे. बाहेर ऊन डोळ्याला झोंबत होतं आणि खाली हिमालयातलं झाड मजेत होतं.

आदल्या दिवशी हवालदारांनी एका बाजूने पाणी भरू दिलं होतं. बादलीचा धक्का लागून दोन कुंड्या पाण्यात पडल्या आणि पाणी गढूळ झालं. वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"भाऊजी, झाडाच्या जडामुळाचं पानी लेकराले पाजू का? दोनातलं एक ठेवा. झाड ठेवा नाहीतर आमाले पानी द्या."

"उद्या पानी पडन," हवालदार म्हणाले.

"पडन. आन आज?"

मी वाट पाहत होतो. मला वाटलं, हा माणूस आता ताटवा लावतो. त्यांची तशी तयारीही दिसली, कुलूप हातातच होतं. मग त्यांनी ते माझ्याकडे दिलं. म्हणाले, "धरा बाबू. आन पाहून घ्या नीट. तुमाले पाहाचं होतं ना."

एकेक शिंकं वर आलं. कुंड्या अंगणात मांडल्या गेल्या. त्यातही प्रत्येक बाईला बजावणं चालू होतं, "हात नको लावू, दुरून पाह, माह्या ध्यानात आहे किती पानं आहेत तं." पण कोणी पाहतच नव्हतं. बाया पाण्याकडे धावल्या होत्या. झाडं पाहणारा मी एकटा. घरात ओलं पोतं टाकून, माठ फोडून त्याच्या खापरात कुंड्या ठेवून त्यांनी सगळे उपाय केले. मी दुपारच्या बसने निघेपर्यंत पानांच्या कडा वळायला लागल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी माझे खिसे पाहिले नाहीत, आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही. पाऊस पडला तोवर एकही झाड उरलं नव्हतं.

समितीपुढे मी जे पाहिलं ते सांगितलं. बिसेन मॅडम म्हणाल्या, "मग झाड दाखवा." झाड कुठून दाखवणार? तरी बाकीच्यांनी माझा शब्द मानला. थंडी पडायला लागल्यावर मी मुद्दाम नवेगावला जाऊन सांगितलं, "हवालदारसाहेब, तुमच्यावरचा आळ गेला. जानेवारीत या."

"काय घेऊन येऊ?"

"बी उरलं असेल की."

"इथं त्याले बी धरत नाही. आता बी आनाले पुन्हा भरती व्हा लागन." ते हसले, पण मला हसू आलं नाही. मी संशय घेतला यात काही वावगं केलं असं मला आजही वाटत नाही, ते माझं कामच होतं. पण त्या अंगणात बसून मला रडू आलं, हे खरं आहे. हवालदारांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. विहिरीवर बाया पाणी भरत होत्या. बोअरिंगला पाणी आलं होतं, तरी आता त्या इथेच येत. "पाहा," ते म्हणाले, "इतकी सालं माह्या नावाची होती, 'फौजीची विहीर'. आता पुन्हा 'बाबाची विहीर' म्हनून राहिले."

ते प्रदर्शनात पुन्हा आले नाहीत. काही वर्षांनी ते गेले. शोकसभेला मी गेलो, आणि माझ्यासोबत, मला न विचारता, बिसेन मॅडमही आल्या. त्रिशरण झालं, माणसं बोलली. फुलांचा विषय कोणीही काढला नाही. सगळे पाण्याबद्दलच बोलत होते. मॅडम बराच वेळ ऐकत बसल्या आणि मग माझ्या कानाशी वाकल्या.

"सचिवजी, सच बताना. जूनमध्ये ती झाडं खरंच जिवंत होती?"

"होती. मी पाहिली."

"सगळी?"

"सगळी."

त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय अजून पुरता गेला नव्हता. मग म्हणाल्या, "एवढी जगवली, तर मग बाहेर काढली कशाला?"

"लोकं तहानलेली होती, मॅडम," मी म्हणालो.