लॉनवर मेंढ्या बसवल्या त्याची गोष्ट

मेंढ्यांना घरी बोलवायची कल्पना माझीच होती. (हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आमची सुनंदा सांगतेच; भाजीवाल्यालासुद्धा सांगते.)

आमचं घर नांदेडात, विष्णुपुरीच्या रस्त्याला. घरापुढं लग्नातली एक पंगत बसेल एवढं लॉन. थंडी सरली, शिमगा झाला, पळस फुलले. वसंत आल्याचं सगळ्यांना कळलं, आमच्या लॉनला मात्र कुणी कळवलंच नाही. ते आपलं पिवळं पडून, पापुद्रे निघालेल्या भिंतीसारखं पसरलेलं! त्यातच रविवारी लातूरहून सुनंदाची ताई आणि दाजी, म्हणजे माझे साडू दिगंबरराव, येणार होते. ज्या लातुरात नळाची वाट पाहुण्यासारखी बघावी लागते, तिथं या माणसानं हिरवंगार लॉन राखलंय.

"लॉनचं कायतरी करा," सुनंदा म्हणाली. "दाजींपुढं मला मान खाली घालायची न्हाई."

"खत टाकतो की."

"कधी?"

"वसंत लागू दे."

"वसंत लागून संपत आला!"

रविवारी सकाळी ती आत मिक्सरवर पुरण वाटत होती आणि मी फाटकापाशी खुरपं धरून विचार करत होतो. (खुरपं धरलं की मला विचारच सुचतात.) तेवढ्यात रस्त्यानं मुदखेडकडं निघालेला मेंढ्यांचा कळप आला. मला एकदम गावाकडचं शेत आठवलं. वडील दर उन्हाळ्यात रानात मेंढ्या बसवायचे आणि त्या लेंडीखतावर ज्वारी माणसाला झाकेल एवढी वाढायची. मग लॉन काय चीज आहे!

"मामा, मेंढ्या बसवता का?" मी मेंढपाळाला हाक मारली.

"कुठं?" त्यानं माझ्या पाठीमागं शेत शोधलं.

"इथंच. लॉनवर."

त्यानं फाटकातून आत डोकावून बघितलं. मग म्हणाला, "सावली हाय, पाणी हाय. बसतील की!"

"पण दहाएकच सोडा हां."

"बरं," म्हणून त्यानं एक आत सोडली. तिच्यामागं दुसरी, दुसरीमागं तिसरी, आणि मग अख्खा कळप! मेंढीला दहापर्यंत मोजता येत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फाटकात मीच अडकलो आणि माझ्या दोन्ही बाजूंनी लोकरीचा पूर वाहू लागला.

शेजारचे सलीमभाई गच्चीवर कूलरची जाळी धूत होते. "भाई, काय करून राहिले?"

"खत टाकून राहिलो!"

मेंढ्या मात्र बसेनात. त्यांनी उभ्याउभ्याच लॉन संपवलं. मग शेवंती, मग मोगरा. गुलाब तर काट्यांसकट गेला! मी "बसा! अरे, बसा!" म्हणून शाळामास्तरासारखा ओरडत फिरत होतो.

"मराठी समजत न्हाई वाटतं त्यांना!" सलीमभाई वरून म्हणाले.

मिक्सर थांबला. सुनंदा पुरणाच्या हातानं दारात आली. समोर तुळशीच्या कट्ट्यावर पुढचे दोन पाय टेकवून एक दांडगा एडका तुळस चघळत होता.

"हे काय हाय?"

"लेंडीखत."

"कुठंय?"

"येईल की. अजून जेवणं चालू आहेत."

ती काही बोलणार, तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दाजी! नवी काळी गाडी, आरशासारखी चकचकीत. हॉर्न ऐकून एडका तुळस सोडून बाहेर धावला आणि त्याला गाडीच्या दारात आपल्याच तोलामोलाचा दुसरा एडका दिसला. तो चार पावलं मागं सरला. धाडकन!

"साडूभाऊ! याला आवरा!" दाजी आतून किंचाळले.

समोरचा एडका पळून जात नाही, म्हटल्यावर आमच्या एडक्यानं दुसरी धडक घेतली. मी मागून त्याला कवळा घातला. त्यानं एक झटका दिला आणि मी फाटकाशेजारच्या गळक्या पाइपाखालच्या चिखलात उताणा! ताईनं काच बोटभर खाली केली. "सुनंदा, आम्ही उद्या येऊ का गं?"

शेवटी मामानं जिभेनं टक्‌टक्‌ असा आवाज काढला. कळप शहाण्यासारखा बाहेर निघाला, एडकासुद्धा! एका एका मेंढीवर हात फिरवत मामा थबकला.

"एक कमी हाय."

परसात बघितलं, गाडीखाली बघितलं. अखेर सगळे घरात शिरलो. बैठकीच्या खोलीत पंखा चालू होता आणि त्याखाली नव्या सोफ्यावर ती मेंढी डोळे मिटून रवंथ करत होती. खालची गादी लेंड्यांनी भरली होती.

"बसली!" मी आनंदानं ओरडलो. "बघ, बसली का न्हाई!"

सुनंदानं मेंढीकडं पाहिलं. मग चिखलानं माखलेल्या माझ्याकडं पाहिलं. मग शांतपणे मेंढपाळाला म्हणाली, "मामा, हिला राहू द्या. ह्यांना घेऊन जा."

मामानं मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि मेंढीच उचलली.