अक्कानं गिळलेलं बोलणं

तुमच्या घरातल्या बाईला कॅन्सरवरचा शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन आणलंत, तेव्हा नर्सनं नेमकं काय सांगितलं, हे तिला एकदा तरी विचारलंत का?

शिवबाईला कुणी विचारलं नाही. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, बोली कानडी. एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला पुरेल एवढी मराठी तिला येई. दवाखान्यातली मराठी डोक्यावरनं जायची. म्हणून गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाल्यापासून थोरली नणंद, चंद्रिकाक्का, सोबत. अक्का सांगेल ते डॉक्टरचं म्हणणं.

शेवटच्या शेकानंतर नर्सनं दोघींना पडद्याआड बसवलं. गुळगुळीत प्लास्टिकच्या नळ्या अक्काच्या हातात दिल्या, खूप वेळ समजावलं. अक्काची कानडी मात्र एका दमात संपली.

"तिखट खाऊ नको म्हणती."

"आन् ह्या नळ्या?"

"हितंच परत द्यायच्या हायत. चल तू."

पुढं नवरा, मल्लिनाथ, जवळ आला की शिवबाई कळवळायची. रक्त दिसायचं. एकदा तो चिडून म्हणाला, "मनातनंच उतरलो व्हय मी तुझ्या?" अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेला, तो गेलाच. रोगानं जाताना आपलं बाईपणही नेलं, अशी शिवबाईनं स्वतःची समजूत घातली.

वर्षानं तपासणीला नवी डॉक्टरीण होती, विजापूरची. तिनं थेट कानडीतच झापलं, "नळ्या वापरल्या नाहीस का गं? शेकानं आतली वाट आकसते. ती मोकळी राहावी म्हणूनच ह्या आत घालायला देतात. जखम भरली की नवऱ्याजवळ जायला बंदी नसते, त्याला रोगही लागत नाही."

शिवबाईनं मान वळवली. अक्का फरशीकडं बघत होती.

"कुटं हायत नळ्या?"

"स्टँडवरच्या कचऱ्यात टाकल्या. सख्ख्या भावाच्या अंथरुणाचं मी माझ्या तोंडानं कसं बोलू? लई लाज वाटली गं."

"लाज तुला वाटली, भोगलं मी! अंथरूण वेगळं झालेलं बघितलंस की डोळ्यांनी. तरी गप्प?"

अक्का रडायला लागली. रडू दे म्हणून शिवबाईनं तोंड फिरवलं.

"उशीर झालाय," डॉक्टरीण म्हणाली. "पहिल्यासारखं होईलच असं नाही. पण फरक पडेल."

शिवबाईनं नव्या नळ्या घेतल्या, सोबतची जेली घेतली, कसं वापरायचं ते पुन्हा वदवून घेतलं. मग मल्लिनाथला फोन लावला. "दवाखान्यात या. डॉक्टर बोलतील, तुमी न् मी ऐकायचं. मधी कुणी न्हाय."

तो आला. ऐकताना खाली मान घालून बसला. त्या आठवड्यात अंथरूण आत आलं. सगळं सुरळीत झालं असं नाही, पण दोष कुणाचा हे तरी कळलं.

अक्का अजून सणाला शेंगदाण्याच्या पोळ्या आणते. शिवबाई डबा घेते. आत ये म्हणत नाही.

उद्या तुम्ही कुठल्या बाईसोबत दवाखान्यात जाल, तेव्हा आपली लाज बाहेर चपलांपाशी ठेवा. जे ऐकाल ते सगळं तिला सांगा. जीभ रेटत नसेल तर बाजूला व्हा आणि तिची भाषा बोलणारं माणूस मागा.